नांदेडकडच्यांनाच खोली

थेरगावात आम्हाला खोली मिळाली ती केवळ आम्ही नांदेडकडचे होतो म्हणून. एरवी बाहेरून आलेल्या माणसाला खोली देताना तिथले घरमालक दहा गोष्टी विचारायचे. कुठल्या कंपनीत, पर्मनंट का टेंपररी, माणसं किती, आणि मग आडून आडून जातसुद्धा. आमच्या घरमालकीण हौसाकाकींनी माझ्या वडिलांना, दादांना, एकच विचारलं, "गाव कंचं?" दादा म्हणाले, "देगलूरच्या पलीकडं, काकी. जिल्हा नांदेड." त्याबरोबर काकी बसल्या जागेवरून उठल्या, कमरेची किल्ली काढली आणि म्हणाल्या, "घेऊन या मग माणसं." आमच्याकडची कापसाची जिनिंग गिरणी बंद पडली तेव्हा दादा एकटेच निघून आले होते आणि पिंपरीतल्या एका वर्कशॉपमध्ये लेथच्या शेजारी पोतं अंथरून झोपत होते. त्यांना वाटलं, या बाईंचं कुणीतरी आपल्या भागात दिलेलं असणार. किल्ली हातात देऊन त्या तशाच उभ्या का राहिल्या, हे त्यांना पुढे कळलं.

मी आणि माय एसटीनं आलो. बरोबर एक ट्रंक, एक वरवंटा आणि मायच्या पदराला बांधलेलं अंबाडीचं बी. काकींचं घर गावठाणाच्या टोकाला, पवना नदीच्या अंगाला होतं. घरामागच्या गुरांच्या लांबलचक गोठ्याला मध्ये मध्ये विटांच्या भिंती घालून खोल्या केल्या होत्या. वर पत्रा, खाली शहाबादी फरशी. हवा दमट झाली की भिंतींना गुरांचा वास सुटायचा, गरम आणि गोडसर. आम्ही आमच्या घरात नसून कुणाच्या तरी जागेवर उभे आहोत असं त्या वासानं वाटायचं. दिवसाचे भाग भोंग्यांवर पडायचे. पहिल्या शिफ्टचा भोंगा झाला की चहा, दुसरीचा झाला की भांडी. रस्त्यापलीकडे कंपनीची भिंत होती आणि भिंतीआडून प्रेसचा आवाज दिवसभर यायचा. जमिनीतून पायात चढणारा तो धप्प, धप्प आवाज पहिल्या आठवड्यात मला झोपू देईना. पुढं तो ऐकू येईनासा झाला, आणि सुट्टीच्या दिवशी तो थांबला की छातीत कसंतरी व्हायचं. ती भिंत जिच्यावर उभी होती ती जमीन काकींची होती.

पहिल्याच संध्याकाळी काकी वाफाळता भात आणि आमटी घेऊन आल्या. मावळातला आंबेमोहोर मी तोवर पाहिला नव्हता. खोलीभर वास पसरला. आम्ही ज्वारी खाणारी माणसं. दादा संकोचून दोन घास कमीच जेवले. काकी उंबऱ्याशी टेकून आम्हाला जेवताना बघत होत्या. ताटं उचलायच्या वेळी त्यांनी मायला विचारलं, "तिकडं आमचा सोपान कुठं दिसला व्हता का गं? उंच हाय. उजव्या कानाची पाळी फाटल्याली हाय, म्हशीचं शिंग लागून." मायनं दादांकडं पाहिलं. दादांनी नकारार्थी मान हलवली. "दिसला तर सांगा," काकी म्हणाल्या आणि रिकामं पातेलं घेऊन गेल्या.

सोपानची हकिगत आम्हाला हळूहळू शेजारपाजारच्यांकडून कळली. जमिनी घेण्याची नोटीस आली तेव्हा काकींच्या मालकांनी, तात्यांनी, सगळ्यांबरोबर अंगठा उठवला. न उठवून करणार काय होते? पण औत सोपानच्या हातात होतं. तो बापाला म्हणाला, "आता मला तुमच्या ताटात जेवायचं न्हाई." धारा काढून झाल्यावर दुधाची चरवी त्यानं आईपुढं ठेवली, आणि रस्त्यानं चाललेल्या एका कौलांच्या लॉरीला हात केला. पुढं बऱ्याच दिवसांनी तोच लॉरीवाला भेटला. पोरगं नांदेडला उतरलं, एवढंच तो सांगू शकला. तात्या त्यानंतर फार जगले नाहीत. त्यांचं दिवसकार्य पुतण्यानं, बाळूनं केलं. गुरं विकली गेली, आणि काकींनी रिकाम्या गोठ्यात खोल्या काढल्या. फक्त नांदेडकडच्यांसाठी. एवढ्या लांबच्या मुलुखात जाऊन शोधायला त्यांना वाट ठाऊक नव्हती. म्हणून त्यांनी त्या मुलुखालाच आपल्या दारात बोलावलं.

आता माझे नातजावई वगैरे मंडळी जेवताना बोलतात, की या पट्ट्यात माणसं कंपन्यांनी ओढून आणली. खरंच आहे ते. दादांची जिनिंग चालू असती तर आम्ही कशाला आलो असतो? पण कंपन्या तर भोसरीलाही होत्या, आकुर्डीलाही होत्या. आमच्या त्या एका गल्लीत देगलूर, बिलोली, मुखेडची माणसं का दाटली, ते कंपन्यांवरून कळणार नाही. तिकडच्या बाजारात बातमी पसरली होती, 'थेरगावला एक बाई हाय, आपल्याकडच्या माणसाला काही न विचारता खोली देते.' एकानं भावाला आणलं, भावानं मेव्हण्याला. काकींचा गोठा भरला तेव्हा शेजारच्यांनीही गोठे रिकामे केले. मायनं मोरीच्या पाण्यावर पेरलेली अंबाडी पुढं डांगे चौकाच्या मंडईत ढिगानं विकायला येऊ लागली, आणि तिथल्या जुन्या घरांतल्या सुनासुद्धा ती भाजी दाण्याचं कूट घालून करायला शिकल्या. आज तिथं सात मजली इमारती आहेत, तरी रिक्षावाले त्या गल्लीला नांदेड चाळ म्हणतात. एका बाईला आपला मुलगा दिसावा असं वाटलं, त्यातून ही वस्ती उठली. हे कुठं लिहिलेलं नाही, म्हणून मी लिहिते आहे.

आमची पहिली दिवाळी गावाकडं झाली. परत आलो त्या दिवशी ट्रंक खाली ठेवायच्या आत काकी दारात हजर. "दिसला का?" त्यांनी विचारलं. दादा प्रवासानं शिणलेले होते. काकींचं तोंड बघून त्यांच्या जिभेवर काय आलं कोण जाणे. म्हणाले, "नांदेडच्या स्टँडवर एक जण दिसल्यासारखा झाला काकी. उंच होता. मी उतरेपर्यंत गर्दीत गेला." काकी उंबऱ्यावर टेकल्या. "अंगावर काय व्हतं?" "पांढरा सदरा." "वाळलाय का?" "नाही, बरा होता तब्येतीनं." काकींनी डोळ्याला पदर लावला, मग उठून गेल्या आणि खरवस घेऊन आल्या. गुरं विकल्यावरही कुठून तरी मिळवला होता त्यांनी. माय त्या खरवसाला शिवली नाही. काकी गेल्यावर ती एवढंच म्हणाली, "मेलेल्या माणसावर खोटं बोलावं, ते उठून येत नाही. हे काय केलंत?"

पण ते एकदा सुरू झालं आणि मग थांबेना. गल्लीतला जो जो गावाहून येई, तो सोपानला बघून येई. कुणी लबाडीनं बोलत नव्हतं. दारात उभ्या त्या बाईला रिकाम्या हातानं परत पाठवणं जड जायचं, एवढंच. सोपान बिलोलीच्या बाजारात दिसला. मुखेडला ट्रॅक्टर चालवताना दिसला. त्यानं मिशा ठेवल्या. त्याच्या मागं एक बाई चालत होती, डोक्यावर भारा घेऊन. लग्न केलं असणार. कुणी त्याला हाक मारली तर त्यानं मान वळवली, पण थांबला नाही. काकी हे सगळं एकापुढं एक जोडत जायच्या. मायजवळ बसून निवडण-टिपण करताना म्हणायच्या, "आता त्याचं पोट सुटलंया म्हन. बसून काम आसंल." नसलेल्या माणसाचं वय वाढत होतं. त्याला संसार आला, त्याचे केस पिकायला लागले. आमच्या गल्लीत राहणाऱ्या कुणाहीपेक्षा तो जास्त खरा झाला.

मी तेव्हा शाळेत शेवटच्या वर्गांत होते. शाळेतल्या मुली हसतात म्हणून बाहेर मायला 'आई' म्हणायला शिकले होते. मला तो दिसायला लागला. पिंपरी कॅम्पात मायबरोबर कापड घ्यायला गेले की मी माणसांचे कान बघायची. बसच्या रांगेत पुढं उभ्या असलेल्या माणसाचा उजवा कान दिसेपर्यंत मला चैन पडायचं नाही. शिफ्ट सुटली की गेटातून माणसांचा लोंढा यायचा, सगळे एका निळ्या रंगाचे. त्यात कुणीतरी एक उंच माणूस मान खाली घालून भिंतीच्या कडेकडेनं चालला आहे असं वाटायचं, आणि लोंढा ओसरला की भिंत नुसती असायची. अजूनही ही खोड गेलेली नाही. पिंपळे सौदागरच्या आमच्या सोसायटीत लिफ्टमध्ये शिरते तेव्हा पुढं उभ्या माणसाचा कान आधी दिसतो, चेहरा नंतर. गेटवर ओडिशाची, बिहारची पोरं उभी असतात. त्यांच्याही कुणाच्या गावात कुणीतरी असंच कानाची, चालीची खूण सांगत बसलेलं असेल.

गल्लीत एकच माणूस असा होता ज्याला सोपान कधी दिसला नाही. चाँदपाशा. देगलूरचाच, डांगे चौकाजवळ गॅरेजात मेकॅनिक होता, आमच्यापासून दोन खोल्या सोडून राहायचा. ईदला गावी जाऊन आला की तोही काकींसमोर उभा राहायचा आणि म्हणायचा, "नाही दिसला काकी." दर वेळी एवढंच. मला तेव्हा तो कठोर वाटायचा. पण काकी सर्वांत जास्त वेळ बसायच्या त्या त्याच्याच दारात. एका ईदनंतर तो आला आणि नेहमीचं वाक्य बोलला नाही. हात पुसत उभा राहिला. "दिसला नाही काकी. पण ऐकलं. हैदराबादच्या रोडवर नागरबाईचं चहाचं हॉटेल आहे. चाकणचे कांद्याचे ट्रक तिथं थांबतात. तिच्याकडं एक फाटक्या कानाचा माणूस कामाला होता म्हणे. पुण्याकडचा. आता नाही. मी खात्री केली नाही, तुम्हीच येऊन विचारा." काकी आत जाऊन नऊवारी बदलून, पायात वहाणा घालून बाहेर आल्या. चाँदपाशानं कसंबसं त्यांना सकाळपर्यंत थांबवलं.

सोबतीला माय आणि मी गेलो. मला सुट्टी होती, आणि काकींना एकटीला चाँदपाशाबरोबर पाठवलं तर भावकी बोलली असती. दादांनी रजा मिळत नाही म्हणून सांगितलं. ते काकींना वाटेला लावायलाही आले नाहीत. काकींचा आयुष्यातला तो सर्वांत लांबचा प्रवास. त्या खिडकीशी बसून होत्या. अहमदनगर मागं पडल्यावर जमीन काळी व्हायला लागली तशी त्यांनी मायला विचारलं, "ह्याच वाटेनं गेला आसंल न्हवं?" माय हो म्हणाली. दुसऱ्या दिवशी नांदेडच्या स्टँडवर गाडी बदलायला उतरलो. काकी मध्येच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "कुठं दिसला व्हता दादास्नी? ती जागा दाव."

मायच्या हातातली पिशवी खाली आली. ती म्हणाली, "काकी, ते खरं नव्हतं. कुणाचंच खरं नव्हतं."

मला वाटलं, आता काकी रडतील, नाहीतर मायला बोलतील. त्या फलाटावरच्या माणसांकडं बघत होत्या. "मला ठाव हाय," त्या म्हणाल्या. "एका दिवशी एक जण त्याला बिलोलीत बघतो आन् दुसरा मुखेडात. येवढी काय मी खुळी न्हाई. पर खोटं का व्हईना, तेवढा येळ त्याचं नाव कुनाच्या तरी तोंडात व्हतं. आमच्या भावकीत त्याचं नाव घ्यायचं बंद झालंया." मग त्यांनी स्वतःच पिशवी उचलली.

नागरबाईचं हॉटेल म्हणजे कुडाच्या दोन भिंती, पुढं मोठी चूल, लाकडी बाकडी. दुपारचं ऊन होतं आणि बाहेर दोन ट्रक उभे होते. कांद्याचा वास मला आधी आला. नागरबाई पन्नाशीची, काळीसावळी, कपाळावर गोंदण. चाँदपाशानं ओळख सांगितली. तिनं चहा दिला आणि आमच्यासमोर बसली. "हाव, होता की. सोपान. कानाला असं," तिनं आपल्या कानाची पाळी धरून दाखवली. "लई कामाचा माणूस. बोलायचा नाई फार. पण चाकणचा ट्रक आला की ड्रायव्हरला जाऊन विचारायचा, आमच्या गावात काय उरलंय म्हणून."

काकींचा चहा हातात तसाच होता. मायनं विचारलं, "मग गेला कुठं?"

"त्याची आई वारली," नागरबाई म्हणाली. "तिथून मन उडालं त्याचं."

चाँदपाशा काहीतरी बोलायला गेला, पण काकींनी हातानं त्याला थांबवलं. "कुनी सांगितलं त्याला?" त्यांनी विचारलं.

"ट्रकवालाच एक. तुमच्या गावाला भिंत घातली, शेतं गेली, आन् तुमच्या घरचं म्हातारं गेलं, असं बोलला. मी इथंच होते, या चुलीम्होरं. मी म्हणलं, अरे, म्हातारं म्हंजे बाप का माय, नीट विचार की. तर ऐकंना. म्हणला, बापाला काय हुतंय, आईच गेली असंल माझ्यामागं. तसाच मांजरा नदीवर गेला, डोस्क्याचे केस काढले, दहावं केलं, सगळं केलं. जेवण माझ्याच चुलीवर रांधलं. मी विचारलं, आईला काय आवडायचं? तर म्हणला, भात. वासाचा भात. आमच्याकडं कुठला तसला भात? बाजारात लई हिंडला. मग होता तोच केला. पानापुढं बसून लेकरासारखा रडला."

"मग?" काकी म्हणाल्या.

"मग एक बोअरिंगची गाडी आली होती, आंध्रातली. तिच्यावर गेला. जाताना पाया पडला माझ्या." नागरबाईनं पदरानं हात पुसले आणि काकींकडं निरखून पाहिलं. "तुमी त्याच्या कोण?"

चुलीतलं लाकूड फुटलं, एका ट्रकचं इंजिन सुरू झालं. "मी त्याच्या गावची," काकी म्हणाल्या. मग त्यांनी तो निवलेला चहा घोटाघोटानं संपवला, कप विसळून ठेवला आणि नागरबाईचे दोन्ही हात धरून कपाळाला लावले.

चाँदपाशाचं म्हणणं होतं की आपण तसंच पुढं जाऊ, निजामाबादपर्यंत तरी विचारू. बोअरिंगच्या गाड्यांचे मालक ठाऊक असतात लोकांना. रस्त्याच्या कडेला बाभळीखाली उभं राहून तो पुनःपुन्हा समजावत होता, आणि मायही त्याच्याच बाजूनं बोलत होती. काकींनी दोघांचं ऐकून घेतलं. "न्हाई," त्या म्हणाल्या. "त्यानं मला पोचवलंया. आता मी त्याच्याम्होरं जाऊन हुबी ऱ्हायले तर त्याला वाटंल, भूत आलं. रडून मोकळा झालाय त्यो. ऱ्हाऊ दे." परतीच्या प्रवासात त्या झोपल्या नाहीत. एकदाच मायच्या कानाशी म्हणाल्या, "बापावर येवढा राग, की त्यो मरंल आसंबी वाटलं न्हाई पोराला." मी शेजारी बसले होते. माझ्या मांडीवर त्यांचा हात होता, थंडगार. खोटं कशाला सांगू, मला त्या हाताची भीती वाटली. ज्या बाईचं दिवसकार्य होऊन गेलं आहे तिच्या शेजारी आपण बसलो आहोत, ती श्वास घेते आहे, तिच्या बांगड्या वाजताहेत, असं काहीतरी माझ्या मनात चाललं होतं आणि ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

त्यानंतर काकींनी कुणाला काही विचारलं नाही. दिवाळीहून लोक आले, दारात थांबले, काकी भांडी घासत राहिल्या. पाहिलेलं सांगायला आलेली माणसं तशीच आपापल्या खोलीत गेली. चाँदपाशानं गल्लीत कुणाला काही सांगितलं नव्हतं, मायनं फक्त दादांना सांगितलं. तरी गल्लीला कळलं असावं, कारण सोपान पुन्हा कुणालाच दिसला नाही. ते वर्ष फार विचित्र गेलं. कुणी वारलं नव्हतं, पण सगळ्यांनाच घरातलं माणूस गेल्यासारखं वाटत होतं. दादा तर कित्येक दिवस काकींच्या नजरेला नजर देत नव्हते. शेवटी एकदा काकींनीच त्यांना हाक मारून भात वाढला आणि समोर बसून जेवायला लावला. रिकामी झालेली एक खोली त्यांनी खानदेशातल्या माणसांना दिली, दुसरी कोकणातल्या. गाव विचारायचं त्यांनी सोडून दिलं.

काकी गेल्या तेव्हा माझं लग्न होऊन मी चिंचवडला होते. दुपारी गेल्या, शांतपणे. मी पोचले तेव्हा गल्ली माणसांनी भरली होती. बाळूदादांनी अग्नी दिला. आमच्या कुणाचं काकींशी नातं नव्हतं, पण नांदेड चाळीतल्या एकूण एक घरानं सुतक पाळलं. चूल पेटली ती फक्त लेकरांपुरती. चाँदपाशानं गॅरेज बंद ठेवलं. जाण्याआधी काही दिवस काकींनी मायला जवळ बोलावून एक गोष्ट सांगितली होती. ती मायनं कुणाजवळही काढली नव्हती, माझ्याजवळही नाही.

दहाव्याच्या आदल्या सकाळी बाळूदादा भटजींना घेऊन आले. घाटावर काय काय लागेल, पिंडांच्या पिठाचं कोण बघेल, असं बोलणं सुरू झालं. गावकीची चार मोठी माणसं बसली होती. माझी माय भाडेकरूची बायको. इतकी वर्षं तिथं राहून गावकीपुढं ती कधी बोलली नव्हती. ती डोक्यावरचा पदर नीट करून पुढं आली.

"दहावं करू नका," ती म्हणाली. "काकी सांगून गेल्यात."

बाळूदादांना आधी कळलंच नाही. मग ते तापले. "आसं कसं? न करून कसं चालंल? लोक काय म्हनतील आमाला?"

"काकींचं झालंय," माय म्हणाली. "मांजरेच्या काठाला झालंय. मी तिथं जाऊन, ज्या बाईनं रांधलं तिच्या तोंडून ऐकून आले. काकी म्हणाल्या, माझं पोटच्या पोरानं केलंय. तुम्ही दुसऱ्यांदा केलं तर त्यानं केलेलं खोटं पडंल."

भटजींनी पुढं मांडलेली दर्भाची जुडी उचलून हळूच पिशवीत ठेवली. बाळूदादा मायकडं बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग गेला आणि त्या जागी काय आलं ते मला सांगता येत नाही. किती वर्षांनी, कोण जाणे, त्यांनी ते नाव घेतलं.

"सोपाननं?" त्यांनी विचारलं.

"हाव," माय म्हणाली.